खर्जाची साक्ष

शाळेच्या वर्गातील 'मॉनिटर' आपणा सर्वांना आठवत असेल. गुरुजी वर्गाबाहेर गेले की फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्या मुलांची नावे लिहून ठेवणारा तो मुलगा कोणाचाच फारसा लाडका नसे. पण गुरुजी परतल्यावर, त्यांच्या गैरहजेरीत काय घडले याची खरी हकीकत त्यानेच सांगावी अशी अपेक्षा असे. सेमिनरीत लॅटिनच्या तासाला मला या शब्दाचे मूळ कळले. 'मोनेरे' म्हणजे आठवण करून देणे, सावध करणे. आणि 'मोनितोर' म्हणजे वेळीच बजावणारा. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत जे स्पीकर ठेवतात त्यांनाही मॉनिटर म्हणतात, आणि हे नाव त्यांना पुरेपूर शोभते. दिवाणखान्यातला स्पीकर गाणे गोड करून ऐकवितो, कारण दिवसभराच्या श्रमानंतर आपल्याला तेच हवे असते. मॉनिटरने मात्र गाणे जसे आहे तसे ऐकवावे. गायकाचा श्वास अडखळला असेल, पेटी कर्कश लागली असेल, तर ते त्याने झाकून ठेवता कामा नये.

असे मॉनिटर आता खेड्यापाड्यांत पोहोचले आहेत. एक संगणक, एखाददुसरा मायक्रोफोन आणि मॉनिटरची जोडी एवढ्यावर घरच्या घरी स्टुडिओ उभा राहतो. माझ्या धर्मग्रामातील एका तरुणाने वर्षभरापूर्वी असाच स्टुडिओ थाटला. घरात नव्याने बांधलेली दहा बाय दहाची खोली त्याला मिळाली होती. त्याने हे सारे हौसेखातर केले नव्हते. त्याच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजीला लग्नसोहळ्यातील जुनी गाणी मुखोद्गत आहेत. मांडवाची, हळदीची, उंबराच्या पाण्याची अशी कितीतरी. ती सगळी जाणणाऱ्या बाया आता गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. आजी आणि तिच्या सहा सोबतिणी यांची गाणी त्याने एका सकाळी जुन्या घराच्या अंगणात मुद्रित करून घेतली. साथीला आजीचे धाकटे भाऊ होते. वय अठ्ठ्याहत्तर, गावातले घुमट वाजविणारे शेवटचे जाणते हात. पुढे अडीच महिन्यांनी ते देवाघरी गेले. त्यामुळे त्या सकाळचे घुमट आता पुन्हा कोणालाही मुद्रित करता येणार नाही.

घुमट ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. हे मातीचे मडके दोन्ही बाजूंनी उघडे असते. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवितात आणि लहान तोंड डाव्या तळव्याने झाकत-उघडत उजव्या हाताने वाजवितात. तळवा जसा सरकतो तसा आतला आवाज खोल होतो किंवा वर चढतो. घुमटाचे सारे बोलणे त्या डाव्या तळव्यात असते. पूर्वी यासाठी घोरपडीचे कातडे वापरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय दिल्यानंतर बकरीचे कातडे वापरात आले. गोव्याच्या शासनाने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. योगायोग असा की घोरपडीलाही इंग्रजीत 'मॉनिटर लिझर्ड' असेच म्हणतात.

अंगणातले ध्वनिमुद्रण उत्तम झाले होते. पुढचे काम मिक्सिंगचे. निरनिराळ्या मायक्रोफोनवर आलेले आवाज एकमेकांच्या प्रमाणात बसविणे, एखादा पट्टा उचलणे, एखादा दाबणे हे काम तो तरुण आपल्या खोलीत रात्री जागून करी. पहिली सहा गाणी तयार झाल्यावर तो ती आपल्या चुलतभावाच्या घरी घेऊन गेला. तेथे घुमट ऐकू येईना. पत्र्याच्या डब्यावर बोटे वाजवावीत तसा एक पोकळ टकटकाट तेवढा येत होता. मग गाडीत लावून पाहिले, तर सर्व गाण्यांखाली एक सलग घरघर होती. दूरच्या हमरस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांचा तो आवाज होता. अंगणात तो कोणाच्या ध्यानातही आला नव्हता. येथे तो बायांच्या आवाजांखाली सतरंजीसारखा पसरला होता. आपल्या खोलीत परतून तेच गाणे त्याने लावले, तर सारे यथास्थित!

तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा निर्णय जवळजवळ झालेला होता. "फादर, माझे स्पीकर लहान आहेत. पाच इंचांचे. दुकानदार म्हणतो, खर्ज खरा ऐकायचा असेल तर आठ इंचांची जोडी घ्या. मोटारसायकल विकावी म्हणतो." सेमिनरीत आणि त्यानंतर तीस वर्षे निरनिराळ्या धर्मग्रामांत गायकवृंदाबरोबर काम केल्यामुळे या विषयात मला थोडा रस आहे. मोटारसायकल विकण्यापूर्वी खोली एकदा मला दाखव, असे मी त्याला सांगितले.

मॉनिटर कसा निवडावा याविषयी जाणकारांचा अनुभव लक्षात घेण्याजोगा आहे. यामाहा कंपनीचा 'एनएस-१०' हा पांढऱ्या शंकूचा स्पीकर १९७८ साली बाजारात आला तो घरगुती श्रवणासाठी. तेथे त्याचे स्वागत यथातथाच झाले. स्टुडिओवाल्यांनी मात्र त्याला आपलेसे केले आणि पुढील दोन दशके जगभरच्या मिक्सिंगच्या टेबलांवर तो दिसू लागला. २००१ साली त्याचे उत्पादन थांबले. २००८ साली त्याबद्दल यामाहाला तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. हा स्पीकर कधीच गोड वाजत नसे. मधल्या पट्ट्यातले दोष तो ठळकपणे पुढे आणी. त्याची पेटी सर्व बाजूंनी बंद होती आणि खर्जाचा ठोका संपला की त्याचा आवाजही तत्काळ थांबे. खर्ज फार खोल नसला तरी जेवढा होता तेवढा नेमका होता. यावर जे गाणे चांगले वाजेल ते कोठेही चांगले वाजेल, अशी त्याची ख्याती झाली.

दुसरे उदाहरण बीबीसीचे. १९७० च्या दशकात तेथील अभियंत्यांना बाह्य ध्वनिक्षेपणाच्या गाडीत मावेल असा मॉनिटर हवा होता. गाडीतल्या अडचणीच्या जागेत मोठी पेटी बसणे शक्य नव्हते. त्यांनी फूटभर उंचीची 'एलएस ३/५ ए' ही पेटी घडविली. खूप खोल खर्ज तिच्याकडून मिळणार नव्हता, आणि तसा दावाही त्यांनी केला नाही. माणसाचे बोलणे माणसासारखे ऐकू यावे, ही त्यांची मुख्य कसोटी होती. आपल्या माणसांचे बोलणे आपण जन्मापासून ऐकत आलो आहोत. त्यात झालेली खोट आपला कान पटकन ओळखतो. एखादा मॉनिटर पारखायचा असेल तर ढोलताशांच्या गर्जनेपेक्षा ओळखीच्या पुरुषाचे साधे बोलणे त्यावर ऐकावे. आवाज पिंपातून आल्यासारखा वाटला किंवा नाकातून आल्यासारखा वाटला, तर ती जोडी दुकानातच राहू द्यावी.

आणखी दोन पथ्ये आहेत. दोन जोड्यांची तुलना करताना दोहोंचा आवाज आधी सारखा करून घ्यावा, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. विक्रेत्यांना हे पक्के ठाऊक असते. दुसरे असे की ऐकण्याची पातळी मध्यम आणि कायम ठेवावी. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या दोघांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की आवाज लहान असताना आपल्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो; आवाज वाढविला की तो अधिक वेगाने वर येतो. रात्री घरातले झोपले म्हणून हळू आवाजात मिक्सिंग करणारा माणूस खर्ज अकारण वाढवून ठेवतो. खोली लहान असेल आणि बसायचे तीन-चार फुटांवर असेल, तर पाच ते साडेसहा इंचांचा शंकू पुरतो. मागच्या बाजूला हवेचे भोक असलेली पेटी असल्यास ती भिंतीला अगदी चिकटवून ठेवू नये. बऱ्याच मॉनिटरच्या पाठीवर खर्ज उतरविण्याचे बटण असते, ते अशाच अडचणींसाठी. या सर्व कसोट्यांवर त्या तरुणाची पाच इंची जोडी मला उत्तम वाटली. मग घुमट गेले कोठे?

उत्तर खोलीतच होते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि उंचीही नेमकी दहा फूट. घर बांधणाऱ्या गवंड्याच्या दृष्टीने हे काम सुबक. ध्वनीच्या दृष्टीने याहून वाईट आकार सापडणे कठीण. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो. दहा फूट म्हणजे साधारण ३.०५ मीटर. एका भिंतीकडून समोरच्या भिंतीकडे जाऊन परत यायला ध्वनीला ६.१ मीटरचा प्रवास पडतो. ज्या स्वराची तरंगलांबी बरोबर तेवढी असेल, त्याच्या जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळून जागच्या जागी उभ्या राहतात. ३४४ ला ६.१ ने भागले की सुमारे ५६ येतात. सेकंदाला ५६ कंपनांचा स्वर या खोलीत असा ठाण मांडून बसतो; त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ११३ कंपनांचा स्वरही तसाच. लांबी, रुंदी, उंची वेगवेगळ्या असत्या तर प्रत्येकीने आपापला स्वर धरला असता आणि ओझे विभागले गेले असते. येथे तिन्ही बाजूंनी एकाच स्वराला होकार दिला होता.

उभ्या राहिलेल्या लाटेचा आणखी एक स्वभाव असतो. तिचा जोर खोलीत सर्वत्र सारखा नसतो. भिंतीलगत आणि कोपऱ्यांत तो कमाल असतो. पहिल्या स्वराचा, म्हणजे ५६ चा, जोर खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. दुसऱ्याचा, म्हणजे ११३ चा, त्याच मध्यावर पुन्हा शिगेला पोहोचतो. आणि आमच्या या तरुणाने आपली खुर्ची कोठे मांडली होती? खोलीच्या बरोबर मध्यावर, पंख्याखाली!

मी त्याला मॉनिटर बंद करायला सांगितले आणि त्याच्या खुर्चीत बसून तोंड मिटून गुणगुणू लागलो. वरच्या स्वरापासून सावकाश खाली उतरत गेलो. हा प्रयोग न्हाणीघरात गाणाऱ्या प्रत्येकाने नकळत केलेला असतो. पेटीच्या खालच्या सप्तकातील पांढरी सहाच्या जरा वर पोहोचलो आणि खोली एकदम माझ्याबरोबर गाऊ लागली. मी थांबलो तरी ती क्षणभर गातच राहिली. पांढरी सहाच्या त्या स्वराची कंपने सेकंदाला ११० असतात. गणिताने सांगितलेला आकडा गळ्याने दाखवून दिला. मग आम्ही अंगणातल्या घुमटाचा नुसता ठोका लावून पाहिला. त्याचा खोल ठोका याच जागी पडत होता.

सारा उलगडा झाला. मध्यावर बसलेल्या त्याच्या कानावर घुमट अवाच्या सवा घुमत येई, म्हणून तो घुमटाचा खर्ज दाबत गेला. त्याखालचा खोल पट्टा त्याच जागी ऐकूच येत नसे, म्हणून तो उचलत गेला. आणि त्या पट्ट्यात ट्रकांच्या घरघरीशिवाय फारसे काही नव्हतेच. त्याच्या मॉनिटरांनी साक्ष खरी दिली होती. ती त्याच्या कानापर्यंत पोहोचेतो भिंतींनी बदलली होती. आठ इंचांची जोडी आणली असती तर त्याच भिंतींना अधिक खर्ज मिळाला असता आणि अपराध दुणावला असता.

आजीचे हे ऐकून झाल्यावर म्हणणे पडले, "जुन्या घरात असं कधी घुमलं नाही." तिचे निरीक्षण अचूक होते. जुन्या घराला कौलारू छप्पर होते. हलक्या छपरातून, कुडातून, उघड्या माळ्यातून खर्ज बाहेर निघून जातो. नव्या सिमेंटच्या खोलीत जड भिंती आणि वर स्लॅब. उंच स्वर पडद्या-गाद्यांत थोडेफार विरतात, पण खर्जाला बाहेर पडायला वाट नसते.

वास्तूचा आवाजावर होणारा हा परिणाम अजमावण्याचे शास्त्र फार जुने नाही. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह बांधून तयार झाले आणि त्यात बोललेले एक वाक्य कोणाला कळेना. एक शब्द उच्चारला की तो सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. तेवढ्यात वक्त्याचे पुढचे दहा-पंधरा शब्द येऊन पडत. हा दोष दूर करण्याचे काम वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे सोपविण्यात आले. त्याच्यापाशी आजच्यासारखी उपकरणे नव्हती. ऑर्गनची एक नळी, एक कालमापक आणि स्वतःचे कान. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील खुर्च्यांच्या उशा तो रात्री उचलून आणी, व्याख्यानगृहात मांडी, निनाद किती सेकंदांत विरतो ते मोजी आणि उजाडण्यापूर्वी त्या परत नेऊन ठेवी. अशा कितीएक रात्रींनंतर त्याला सूत्र गवसले. निनादाचा काळ हा खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि तिच्यातील शोषक पृष्ठभागाच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्याच्या सल्ल्याने बांधलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल १९०० साली उघडले आणि आजही जगातील उत्तम सभागृहांत त्याची गणना होते. सॅबिनने माणसाचे शरीरही शोषक म्हणून मोजले होते. रिकाम्या चर्चमध्ये ध्वनिक्षेपकाची चाचणी घेणाऱ्याला रविवारी भरल्या चर्चमध्ये वेगळाच आवाज का मिळतो, याचे उत्तर त्या मोजमापात आहे.

आमच्या खोलीपुढचा प्रश्न मात्र सॅबिनच्या उशांनी सुटणारा नव्हता. उशी, पडदा, गोधडी ही उंच आणि मधल्या स्वरांना आवरतात. खर्जाची लाट फार लांब असते. तंतुमय पदार्थ लाट शोषतो तो हवेच्या हालचालीला अडवून, आणि भिंतीला लागून हवा हलतच नाही. हालचाल सर्वांत अधिक असते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. ११३ च्या स्वराची पाव लांबी अडीच फूट, ५६ ची पाच फूट. तेथे भिंतीवर चिकटविलेला इंचभर फोम काय करणार? अंड्यांचे ट्रे भिंतीला ठोकण्याची जी प्रथा दिसते तिने खर्जाला काडीचाही फरक पडत नाही. उलट ते पेट घेण्याचे भय. फोमने फक्त उंच स्वर मरतात, खोली कोंदट होते आणि खर्जाची गुंज अधिकच उठून दिसते.

आम्ही तीन पायऱ्यांनी गेलो. पहिली पायरी फुकटची. खुर्ची मध्यावरून हलविली. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्के अंतरावर कान यावा असा एक ढोबळ आडाखा आहे. दहा फुटांत तो पावणेचार फुटांच्या आसपास येतो. तो शेवटचा शब्द नव्हे; तेथून इंच-इंच सरकत चांगली जागा शोधायची असते. मॉनिटर समोरच्या भिंतीजवळ नेले, दोहोंत तीन फूट अंतर ठेवले आणि कानापासूनही प्रत्येकी तीनच फूट, म्हणजे समभुज त्रिकोण झाला. उंच स्वरांचा लहान शंकू कानाच्या पातळीवर आणला. मॉनिटर भिंतीपासून मीटरभर दूर असता तर भिंतीवरून परतलेली लाट मूळ लाटेला सेकंदाला ८६ कंपनांच्या आसपास खाऊन टाकते. भिंतीजवळ ठेवल्याने ही खोट वरच्या पट्ट्यात सरकते आणि तेथे तिला आवरणे सोपे जाते. एवढ्या हालवाहालवीनेच घुमटाची गुंज बरीच खाली आली.

दुसरी पायरी कोपऱ्यांची. प्रत्येक उभी लाट कोपऱ्याशी येऊन टेकते, म्हणून सापळा तेथे लावायचा. घनमीटरला ४८ किलो वजनाच्या रॉकवूलच्या दोन इंची पाट्या आणून तीन-तीन एकत्र बांधल्या. सुताराने हलक्या लाकडी चौकटी करून दिल्या. त्या दरवाज्याचा कोपरा सोडून उरलेल्या तीन कोपऱ्यांत तिरप्या उभ्या केल्या, म्हणजे मागे त्रिकोणी पोकळी राहिली आणि सापळा भिंतीपासून आपोआप दूर आला. एक चौकट डोक्यावर स्लॅबपासून सहा इंच खाली टांगली. बाजूच्या भिंतीवर एकाने आरसा सरकवीत न्यायचा आणि खुर्चीतून त्यात मॉनिटर दिसला की तेथे खूण करायची. अशा खुणांवर दोन लहान चौकटी लावल्या. रॉकवूलचे तंतू हाताला आणि घशाला बोचतात, म्हणून हातमोजे आणि तोंडाला फडके बांधूनच हे काम करावे आणि पाट्या कापडात नीट गुंडाळून शिवाव्यात. कापड असे हवे की तोंडाने फुंकर मारली तर पलीकडच्या हाताला ती लागावी. बाजारातले कापड पाहत असताना आजीने पेटीतून आपली विरलेली सुती लाल लुगडी काढून दिली. फुंकर आरपार गेली. या सर्व साहित्याला आणि मजुरीला नव्या जोडीच्या किमतीचा पाचवा हिस्साही लागला नाही.

तिसरी पायरी मोजमापाची. 'रूम ईक्यू विझार्ड' नावाची संगणक-प्रणाली विनामूल्य मिळते. मोजमापाचा मायक्रोफोन कानाच्या जागी उभा करून खोल स्वरापासून उंच स्वरापर्यंत चढत जाणारा एक आवाज वाजविला की खोलीचा आलेख पडद्यावर उमटतो. आमच्या खोलीत ११३ वर आरंभी जो पंधरा डेसिबलचा उंचवटा होता तो सहावर आला; आवाज थांबल्यावर रेंगाळणारी शेपूटही आखूड झाली. उरलेला उंचवटा संगणकातून थोडा उतरविला. ५६ चा खड्डा मात्र पुरता भरला नाही. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. उंचवटा विद्युतयंत्राने कापता येतो, खड्डा भरता येत नाही. खड्डा पडतो तो दोन लाटा एकमेकींना खोडत असतात म्हणून. तुम्ही जोर वाढविला की दोन्ही लाटा वाढतात आणि खोडणे तसेच चालू राहते. मॉनिटर मात्र दमून तुटतो. त्यामुळे खोल पट्ट्यापुरता निर्णय हेडफोन लावून घ्यायचा असे त्या तरुणाने ठरविले. आपली खोली कोठे गप्प बसते हे आता त्याला माहीत आहे, आणि तेवढी माहिती असली की काम अडत नाही.

या खटाटोपात मला एक विचार वारंवार येत राहिला. माणूस ऐकतो ते नेहमी कोठेतरी बसून ऐकतो. तीस वर्षे मी लोकांची गाऱ्हाणी ऐकत आलो आहे. भावाभावांतल्या जमिनीच्या वाटण्या, सासू-सुनांची धुसफूस, पंचांचे तंटे. कितीदा तरी असे दिसते की बोलणाऱ्याने खरेच सांगितलेले असते. ऐकणारा अशा जागी बसलेला असतो की जेथे एकच स्वर फुगून येतो आणि दुसरा मुळीच पोहोचत नाही. ज्या घरात सगळे एकाच सुरात 'हो' म्हणतात, तेथे हा धोका सर्वांत मोठा. तेथे नवी साक्ष, मोठ्या आवाजातली साक्ष मागवून उपयोग होत नाही. खुर्ची चार फूट सरकवून पुन्हा ऐकावे लागते. आणि जेथे पोकळी आहे तेथे ओरडून ती भरत नाही, हे त्या आलेखाइतके स्पष्टपणे मला दुसऱ्या कोणी समजावून दिलेले नाही.

मिक्सिंग पहिल्यापासून पुन्हा झाले. मूळ मुद्रण जसेच्या तसे जपून ठेवले होते म्हणून हे शक्य झाले. घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्या प्रत्येकाने हे पथ्य पाळावे आणि त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. ट्रकांची घरघर खालून छाटून टाकली. घुमटाचा दाबलेला खर्ज मोकळा केला. चुलतभावाचे घर, गाडी, मोबाइलचा इवलासा स्पीकर अशा सर्व ठिकाणी गाणी फिरवून पाहिली. मोबाइलवर खर्ज उरत नाही, तो उरणारही नाही. पण ठोका कोठे पडला ते कळते.

आजीला ती गाणी ऐकवायला आम्ही तिला खोलीत त्या नव्या जागी बसविले. आजूबाजूला आपलीच लुगडी चौकटींवर ताणलेली पाहून ती हसली. दोन गाणी तिने डोळे मिटून ऐकली. तिसरे उंबराच्या पाण्याचे. त्यात मध्येच बायांचे आवाज थांबतात आणि घुमट एकटे चालते. डावा तळवा तोंडावरून सरकतो तसा आवाज खोल जाऊन पुन्हा वर येतो. पहिल्या खेपेस तयार केलेल्या गाण्यात येथे केवळ टकटकाट होता. आजीचा डावा हात मांडीवर हळूहळू उघडमीट करू लागला. गाणे संपल्यावर ती म्हणाली, "तो असाच तळवा ओढायचा. आईकडून शिकला होता." मग जरा थांबून तिने नातवाला विचारले, पलीकडच्या आळीतल्या दोघीजणी अजून गातात, त्यांना कधी बोलावणार आहेस?

त्या दोघींपैकी एक नव्वदीला टेकली आहे. येत्या पंधरवड्यात, पाऊस उघडला की, अंगणात मायक्रोफोन लागतील.